टीव्हीवरच्या विमानाला कुंकू

अक्षर वाईट आहे, चुकाही असतील, तेवढं सांभाळून घ्या. रॉकेलचा वास आला की माझ्याकडून मासे घेणारे नेरूळचे म्हातारे मेकॅनिक बाबा आठवतात. हवाईदलात त्यांच्या मिग विमानाला असाच वास यायचा म्हणे. ते जुनं विमान शेवटचं उडालं त्या दिवशी मी बोंबील घेऊन गेले, तर बाबा टीव्हीवर तेच उड्डाण बघत बसलेले. त्यांच्या घरच्या आजी म्हणाल्या, "सकाळपासून ह्यांच्या पोटात काही नाही." मी परक्या घरात बोलत नाही, पण बोलले, "बाबा, आमी जुनी होडी मोडीत काढताना कुंकू लावतो, साखर ठेवतो. तिला उपाशी नाय पाठवत." आजींनी करंडा दिला. विमान उतरून थांबलं, तसं मी टीव्हीच्या काचेवर कुंकू लावलं. "अगं, पुसणार कोण?" म्हणत बाबा हसले. टीव्हीपुढे साखर त्यांनीच ठेवली, उरलेली चहात घालून प्यायले. काल आमची होडी मोडीत काढली. कुंकू लावून, साखर ठेवून मी आधी बाबांसारखा उरलेल्या साखरेचा चहा घेतला.