कल्हईच्या थाळीतलं ऊन

"थांबा, ऊन देते."

असं म्हणून ती पदरानं थाळी पुसायची. तिच्यावर तोंडाची वाफ टाकायची, परत पुसायची. मंग लेण्यापुढच्या अंगणात, पार कडेला, जिथं ऊन पडलेलं असायचं तिथं जाऊन थाळी तिरपी धरायची. आत अंधारात भिंतीवर उजेडाचं चकतं पडायचं अन् हळूहळू वर सरकायचं. आधी दगडाचे पाय दिसायचे, मंग गुडघे, मंग छातीपाशी धरलेले हात, अन् शेवटाला तोंड. तोंड दिसलं की बघणारी माणसं हात जोडायची.

तुम्ही बी लेणी बघितली असतील. आता हातात बॅटऱ्या असतात, कुठं कुठं दिवे लावलेत म्हणे. नाशिकच्या पांडवलेण्यात तवा यातलं काय नव्हतं. ती व्हती अन् तिची थाळी व्हती. तांब्याची, आतून कल्हई केलेली. त्याच थाळीत ती भाकर खायची. तिला आम्ही चाची म्हणायचो.

माझा मालक तापानं गेला त्या सालची गोष्ट. सासरच्यांनी मला ठेवलं नाय, अन् माहेरी ठेवणारं कुणी उरलं नव्हतं. लेण्याच्या पायऱ्यांचं काम निघालेलं, तिथं मी पाटी वाहायला लागले. कडेवर लेक, नुसती रांगती. पहिल्याच दिवशी मुकादम म्हणला, "बाई, एक तर पोर आण नाय तर पाटी उचल. दोन्ही जमायचं नाय इथं."

मी लेकीला ठेवायला सावली शोधत व्हते. वर लेण्यातून चाचीचा आवाज आला, "पोर इकडं दे."

दिली. काय करणार? ओळख ना पाळख. पण संध्याकाळी वर गेले तर लेक खिदळत व्हती. चाचीनं भिंतीवर दिव्याचा कवडसा पाडला व्हता थाळीनं, अन् पोरगी तो धरायला रांगत व्हती. धरला की चाची हलवायची. पोरगी परत मागं.

"तुझी लेक लय हावरी हाय," चाची म्हणली. "खायला नाय, उजेडाला."

चाची मालेगावकडची, विणकराच्या घरची. नवऱ्यानं दुसरी केली अन् हिला वाटेला लावली. कुठं कुठं फिरत ती लेण्यापाशी आली. लेण्यात दगडात कोरलेल्या खोल्या हायत, आत निजायला दगडाचाच कट्टा. कडेची एक खोली तिनं धरली. कट्ट्यावर गोधडी, कोनाड्यात दिवा, कोपऱ्यात तीन दगडांची चूल. प्यायला लेण्यातल्याच टाक्याचं पाणी, भर उन्हाळ्यात सुद्धा दात ठणकतील असं गार. बघायला येणारे जे हातावर ठेवतील त्यात तिचं भागायचं. कुणी नाय ठेवलं तर मागायची नाय.

खालच्या गावातल्या बाया टोचून बोलायच्या. एकदा एक म्हणली, "काय गं, मुसलमानीण तू, अन् पांडवांच्या घरात कशी ऱ्हातीस?"

चाची थाळी पुसता पुसता म्हणली, "पांडव तरी इथं कशाला आले व्हते बाई? वनवासालाच ना? मी बी त्यालाच आले."

ती बाई हसली. दुसऱ्या खेपेला येताना तिच्यासाठी कांदे घेऊन आली.

त्या मोठ्या मूर्तीला कुणी भीम म्हणायचं, कुणी धर्मराज. शिकलेली माणसं बुद्ध म्हणायची. चाचीला इचारलं तर म्हणायची, "त्यानं माझं नाव इचारलं नाय, मी त्याचं इचारत नाय." दुपारी सावलीत कापड अंथरून ती नमाज पढायची. परत उठून मूर्तीच्या पायावरची वटवाघळांची घाण झाडायची. दोन्ही कामं सारख्याच चेहऱ्यानं करायची.

एकदा मुंबईची एक बाई आली, गोरी, चष्मेवाली. ती सांगत व्हती, मुंबईला सरकारी घर हाय, त्यात जुन्या मूर्ती काचेत ठेवल्यात. समुद्रापल्याड तर याहून मोठी घरं, तिथं आपल्याकडच्या सुद्धा मूर्ती हायत, माणसं रांगा लावून बघतात.

चाचीनं थाळी पुसायची थांबवली. मंग म्हणली, "एवढ्या लांब नेल्या. तिथं त्यांना ऊन कोण देतं?"

बाई हसली. चाची नाय हसली. तिला खरंच काळजी पडली व्हती.

थंडीचे दिवस व्हते. मुकादम येऊन म्हणला, "चाची, उद्या मोठे साहेब येतात. जुन्या जागांची देखरेख त्यांच्याकडं हाय. लेण्यात कुणी ऱ्हातं हे कळलं तर तुझं बी जाईल अन् माझं बी. तुझं बिऱ्हाड हलीव."

आम्ही दोघींनी गोधडी, मडकी खाली झुडपात लपवली. चुलीचे दगड फेकले. खोली झाडून काढली. पण भिंतीवरची काजळी? ती कुठं लपवायची? चाची म्हणली, "अंधार हाय. दिसायची नाय."

साहेब आला. टोपीवाला, उंच, बरोबर कारकून. माणूस वाईट नव्हता. चाचीनं मूर्तीवर ऊन टाकलं तसं त्यानं डोक्यावरची टोपी काढली. कारकुनाला इंग्रजीत काय काय बोलला. कारकून म्हणला, "साहेब खूश झालेत. सगळ्या खोल्या बघायच्या म्हणतात. एकेका खोलीत ऊन टाक."

चाचीची खोली बी त्यातच व्हती.

एक खोली झाली. दुसरी झाली. तो डोंगर असा हाय की अंगणात ऊन सकाळचंच, अन् थंडीत तर आलं तसं जातं. सावली सरकत सरकत चाचीच्या पायापाशी आली व्हती. मी पाटी घेऊन जवळून गेले अन् हळूच म्हणले, "चाची, ऊन गेलं म्हण. गप थाळी खाली कर."

तिनं माझ्याकडं बघितलं बी नाय. कडेला आणखी दोन पावलं सरकली. खाली दरी. तिथं उरलेलं ऊन तिनं थाळीत धरलं अन् आपल्या खोलीत टाकलं.

काळी भिंत. काळं छत. दिव्याचा कोनाडा काळा.

साहेबाचं तोंड उतरलं. कारकून ओरडला, "ही चूल कुणी पेटवली इथं?"

मुकादम घाईनं म्हणला, "गुराखी असतील साहेब. त्यांची पोरं पावसात शिरतात आत."

"नाय," चाची म्हणली. थाळी तशीच धरलेली. "चूल माझी हाय. मी ऱ्हाते इथं."

साहेबानं कोनाड्यावरून बोट फिरवून काजळी बघितली. मंग कारकुनाकडून सांगितलं, धुरानं दगड खराब होतो, हे सगळ्यांचं हाय, इथं कुणाला ऱ्हाता यायचं नाय. भिंत धुऊन दे अन् जा. जाताना त्यानं खिशात हात घातला. चाचीनं मान हलवली.

मी तिच्यावर चिडले. "ऊन कशाला टाकलंस तिथं? टाकलं तर टाकलं, गुराख्यांवर गेलं असतं की! तुझं काय जात व्हतं?"

"ऊन मागितलं की मी नाय म्हणत नाय. अन् गुराख्यांची पोरं मार खातील," ती म्हणली. "तुझ्या लेकीहून थोडीच मोठी हायत त्यातली काही."

दुपारभर आम्ही भिंत घासली. राख अन् नारळाची शेंडी. मी टाक्यातून पाणी आणायची, ती घासायची. हात सोलून निघाले तिचे. दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन आलं तसं कुठं काळं राहिलंय ते बघायला तिनं थाळी माझ्या हातात दिली. पहिल्यांदाच. उजेड भिंतीवर एका जागी ठरेना.

"कोपर पोटाला लाव," ती म्हणली. "श्वास हळू घे. हां. आता बघ, कसं दगडासारखं बसलं."

मी म्हणले, माझ्या झोपडीत चल. ती म्हणली, "ती झोपडी मुकादमाची. पायऱ्या झाल्या की तुलाच काढतील." बहीण हाय मालेगावला, ती ठेवील, असं म्हणली. ठेवील का नाय, हे तिला बी ठाऊक नव्हतं. मला बी कळत व्हतं.

गोधडीचं गाठोडं तिनं डोक्यावर घेतलं. थाळी लेकीपुढं ठेवली. मी म्हणले, "चाची, तू कशात खाशील?"

"हातावर," ती म्हणली.

आम्ही बसवलेल्या पायऱ्यांवरून ती उतरली, धोंडा हलतो का ते पायानं चाचपत. खाली आग्रा रोडला एक बैलगाडी थांबवली. त्या गाडीवाल्याला मुकादमानं पुढं कधी तरी इचारलं. चांदवडला उतरली म्हणला, पुढं पायी गेली. मालेगाव तिथून लय लांब. एवढंच कळलं. नंतर काय नाय.

चाची गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी माणसं आली, बायकापोरं घेऊन. लेण्यात डोकावून म्हणली, "काय दिसत नाय. ती ऊन दाखवणारी बाई कुठाय?"

मी डोक्यावरची पाटी उतरवली. थाळी पदरानं पुसली. वाफ टाकली, परत पुसली. कडेला जाऊन उभी राहिले अन् म्हणले, "थांबा, ऊन देते."

कोपर पोटाला लावलं. उजेड आत गेला. माझी लेक तवा नुकती पाय टाकायला लागली व्हती. ती त्याच्यामागं निघाली, भिंतीला धरत धरत. मूर्तीपाशी थांबली नाय. सरळ कडेच्या खोलीपाशी गेली अन् उंबऱ्यात उभी राहून आत बघायला लागली. मी ऊन तिकडं वळवलं. कट्टा मोकळा. कोनाड्यात वरच्या बाजूला बोटभर काळं राहिलं व्हतं, तिथवर आमचा हात पोचला नव्हता.

लेक आत बघत राहिली. माझ्या पायापाशी सावली आली तशी मी कडेला दोन पावलं सरकले.