अर्धा मिलिमीटर

रविवारची दुपार. जेवण झालंय आणि मी खाटेवर आडवा आहे. पोटावर मार्थाची बेस गिटार आहे. पाच वाजता घरात माणसं येणार. मार्था जाऊन आज वर्ष झालं, त्याची उपासना आहे, आणि तिथे मला ही गिटार वाजवायची आहे. झोपायचं नाही असं ठरवलंय. खर्जाची तार अंगठ्याने छेडतो. आवाज पोटात उतरतो. पुन्हा छेडतो. डोळे जड होतायत, पण डोक्यात कालचं भांडण चालूच आहे.

ते आधी सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

मी टर्नर. नगरच्या एमआयडीसीत चौतीस वर्षं लेथवर लोखंड कातलं. गाण्यातलं मला काही कळत नाही. मार्थाला कळायचं. ती शाळेत शिकवायची, चर्चमध्ये बेस वाजवायची आणि घरी आली की जयवंत टकलेच्या कॅसेटी ऐकायची. हा टकले मिरजेचा. मराठीत रॉक गाणी करायचा. स्टेजवर रेनकोट घालून यायचा. प्रेशर कुकरवर गाणं, वजनकाट्यावर गाणं. एक गाणं चाळीस सेकंदांचं तर पुढचं एकोणीस मिनिटांचं. सोळा कॅसेटी काढल्या, आणि त्या विकत घेणारी नगरमध्ये बहुतेक आमचीच बाई.

"वरून ऐकू नका, खालून ऐका," ती मला म्हणायची. वर टकले ओरडत असायचा. खाली बेस चालत असायचा, शांत, शहाण्या माणसासारखा. तो शोधायचा, ऐकून ऐकून वाजवायचा आणि वहीत उतरवायचा, हा तिचा उद्योग. कुठल्या तारेवर कितव्या फ्रेटला, म्हणजे दांड्यावरच्या कितव्या पट्टीला, बोट दाबायचं, याचे नुसते आकडे. सोळा कॅसेटींतून तिने एकवीस चाली निवडल्या. निवडलेल्या गाण्यापुढे एक फुली. फार आवडलं तर दोन. तीन फुल्या एकाच गाण्याला आहेत, 'पाण्याची टाकी'.

ती गेल्यावर वर्षभर मी ती वही उघडून आकड्यांवरून बोटं ठेवायला शिकलो. टेपरेकॉर्डर लावला नाही. तिने विणलेलं झाकण त्याच्यावर आहे, ते काढायचा धीर झाला नाही. सगळे म्हणत होते, स्वीकारा, देवाची इच्छा. मी म्हटलं, मी स्वीकारलेलं नाही, मी वाजवणार आहे.

काल आमचा दानी पुण्याहून आला. कीबोर्ड वाजवतो. टकलेची गाणी आता फोनवर मिळतात म्हणे. त्याने 'पाण्याची टाकी' लावलं आणि मी सोबत वाजवायला गेलो. भयंकर वाजलं. दातात खडा आल्यासारखं.

दानीने वही बघितली. पानं उलटली. "पप्पा, हे सगळं एक फ्रेट खाली लिहिलंय. एकवीसच्या एकवीस. आईचा कान जरा..."

"जरा काय?"

"काही नाही. तुम्ही सगळं एकेक फ्रेट वर सरका ना. मी वहीत पेन्सिलीने दुरुस्त करून देतो."

मी वही त्याच्या हातातून ओढून घेतली. पान थोडं फाटलं. "तिच्या वहीला हात लावायचा नाही."

"मग उद्या वाजवू नका. लोक हसतील. तुम्हाला नाही हसणार, तिला हसतील."

हेच मला लागलं. तीस वर्षं ती त्या टेपपुढे बसली आणि तीस वर्षं चुकीचं ऐकलं? मान्य केलं तर वही चुकीची. नाही केलं तर चारचौघांत तिचं हसं. तिसऱ्यांदा तार छेडतो.

"अंगठ्याने नाही हो. अंगठा काय, बैल हाकताय का?"

मार्था स्वयंपाकघराच्या दारात उभी आहे. निळी सुती साडी, शाळेत जायची. हातात खडूची धूळ. ती मेलेली आहे हे मला माहीत आहे. तिलाही माहीत आहे. त्याचं काही वाटत नाही.

"दोन बोटांनी. चालल्यासारखं. कितीदा सांगितलं?"

"एकदाही नाही. जिवंत होतीस तेव्हा मला हात लावू देत नव्हतीस."

"तुमच्या हाताला ग्रीस असायचं."

मी हसतो. हसताना छातीत दुखतं. "मार्था, आधी एक सांग. तुझा कान खराब होता?"

ती रागावत नाही. कपाटाकडे जाते. कपाट उघडते तर आत कॅसेटी, आणि त्यांच्या मागे आणखी कॅसेटी, आणि कपाट आत आत लांब होत गेलंय. आम्ही दोघं त्यातून चालतोय. पायाखाली आमचीच फरशी आहे.

"ही सातवी," ती एक काढून दाखवते. "दुसरी बाजू. आठ मिनिटं नुसता मिक्सर चालतो."

"मला आठवतंय. शेजारचे भांडायला आले होते."

"मिक्सरच्या खाली ऐका."

मी कान लावतो. घरघर आहे. घरघरीखाली एक चाल आहे, तीन पावलं पुढे, एक मागे. कुणीतरी अंगणात येरझाऱ्या घालतंय तशी.

"दोन फुल्या," ती म्हणते. "आणि ही अकरावी. हिच्यात तो टेलिफोनचं बिल वाचून दाखवतो. आकडे संपले की बेस एकटाच उरतो, थकलेला. थकलेला आहे पण बसत नाही. सगळ्या कॅसेटींत चांगलं खालीच लपवलंय त्याने. वर वेडेपणा करायचा, म्हणजे वरवर ऐकणारे निघून जातात."

"तू राहिलीस."

"तुम्ही पण राहिलात. पेपर तोंडापुढे धरून का होईना."

कपाट संपतं तिथे आमचं वर्कशॉप आहे. माझा लेथ. कूलंटचा वास. बाकी कुणी नाही. लेथच्या चकमध्ये, त्या फिरत्या पकडीत, पितळेचा छोटा तुकडा फिरतोय आणि मार्था माझी व्हर्नियर हातात घेऊन उभी आहे. माप घेण्याचं ते हत्यार तिने कधी धरलेलं मी पाहिलं नव्हतं. बरोबर धरलंय.

"हे काय आहे, टर्नर?"

"पुली." बघताक्षणी ओळखतो. "आपल्या टेपरेकॉर्डरच्या मोटरची. जुनी फुटली होती. बाजारात मिळाली नाही म्हणून मी कातली. दानी दुसरीत होता."

"माप कशावरून घेतलं होतं?"

"जुन्या पुलीवरून."

"जुनी कशी होती?"

लेथ फिरतोय. नव्या पोराला पहिल्या दिवशी शिकवतात ती गोष्ट आहे. झिजलेल्या तुकड्यावरून माप घ्यायचं नाही. शेकडो पोरांना मी हे सांगितलं. एकाच्या तर पाठीत धपाटा घातला होता यासाठी. आणि त्या दिवशी घरचं काम म्हणून, जेवणाच्या सुट्टीत, घाईत...

"झिजलेली होती," मी म्हणतो.

"किती?"

व्हर्नियर ती माझ्या हातात देते. मी लेथ थांबवतो, जबडे पुलीला लावतो. आठ. साडेआठ हवी होती.

"अर्धा मिलिमीटर," मी म्हणतो. पुली लहान, म्हणून टेप हळू. टेप हळू, म्हणून सूर खाली. "किती सूर खाली जाईल?"

"अर्धा. बरोबर एक फ्रेट." ती हसते आहे. "तुमचा अर्धा मिलिमीटर, माझा अर्धा सूर."

मला बसावंसं वाटतं. बसतो तर ते चर्चच्या गॅलरीतलं बाकडं आहे, आणि खाली चर्च नाही, मिरजेतला एक हॉल आहे. वीस-पंचवीस माणसं. स्टेजवर टकले रेनकोटमध्ये. बोटभर उंचीचा दिसतो, एवढ्या लांबून.

"इथे मी नव्हतो," मी म्हणतो. "तू मावशीकडे मिरजेला गेलेलीस. माझी दुसरी पाळी होती."

"त्याच्या बेसवाल्याची एसटी चुकली होती. टकले माइकवर म्हणाला, कुणाला 'पाण्याची टाकी' येतं का? मी हात वर केला."

"तू स्टेजवर गेलीस? साडी नेसून?"

"मग काय सोडून जाऊ?"

खाली स्टेजवर निळ्या साडीतली मार्था आहे. माझ्या शेजारीही आहे. खालची वाजवायला लागते आणि सगळा बँड दातात खडा आल्यासारखा वाजतो. कालच्यासारखाच. लोक हसतात. माझ्या मुठी आवळतात.

"तेव्हा मला कळलं," शेजारची म्हणते. "दोन मिनिटं जीव गेला. वाटलं, पळून जावं. पण मी थांबले नाही हो. चूक कुणाची ते माहीत नव्हतं, पण चाल माझी पाठ होती. टकलेने हात वर करून बँड थांबवला. मी एकटीच वाजवत राहिले. त्याने कान देऊन ऐकलं. मग बाकीच्यांना म्हणाला, बाई नाही वर येणार. आपण सगळे बाईंच्या घरी खाली जाऊ. आणि उतरले सगळे. अर्धा सूर."

खाली आता गाणं जुळलंय. भरून आलंय, टाकीत पाणी चढावं तसं. हसणारे गप्प.

"मला सांगितलं का नाहीस? एवढी वर्षं?"

"सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी तुम्ही पुली बदलली असती."

"बदललीच असती. चुकीची होती."

"म्हणूनच." ती माझ्याकडे वळते. हा चेहरा मला माहीत आहे. हेडमास्तरांशी भांडून आली की असा असायचा. "जगात सगळ्यांकडे ते गाणं वर आहे. आपल्या घरात खाली आहे. ते तुम्ही कातलेलं आहे. मी तेच शिकले. ठरवून शिकले. माझा कान विचारताय? माझ्या कानाला तुमचा अर्धा मिलिमीटर ऐकू आला, आणखी काय पाहिजे?"

मला रडू येतंय. "मी अजून स्वीकारलेलं नाही, मार्था."

"नका स्वीकारू. पण दाढी करा. पाळकसाहेब येतील."

आम्ही घरात आहोत. गिटार माझ्या मांडीवर. ती खाटेच्या कडेला बसलीय आणि खाट तिच्या बाजूला थोडी दबलीय.

"'पाण्याची टाकी'चा शेवटचा उतार वाजवा."

मी वाजवतो. तीन सुरांपर्यंत येतं. चौथ्याला अडकतं. वर्षभर तिथेच अडकतंय. डाव्या हाताचं करंगळीशेजारचं बोट पहिल्या पेरापाशी तुटलेलं आहे, कारखान्यात प्रेस मशीनमध्ये गेलं होतं. ते मी तारेला लावतच नाही. करंगळी ताणून बघतो, पोचत नाही.

"त्या बोटाने दाबा."

"ते बोट नाही, खुंट आहे."

"टर्नर, बायको मेलीय, तरी बाकीचा माणूस पाच वाजता उभा राहणारच आहे ना? मग खुंटाला पण कामाला लावा."

ती माझं बोट धरते. तिचा हात गार नाही, कोरडा आहे, खडूचा. खुंट तारेवर ठेवते आणि वरून आपल्या अंगठ्याने दाबते. दुखतं. त्या टोकाला इतक्या वर्षांत काही लागलेलं नाही, कातडी आत ओढलेली, मऊ. जाड तार तिच्यात रुतते.

"सोडू नका. सूर संपेपर्यंत दाबून धरायचं."

मी दाबून धरतो. सूर येतो. लांब, खोल, हळूहळू बारीक होणारा. तो संपू नये म्हणून मी श्वाससुद्धा घेत नाही.

"पप्पा. पप्पा, चार वाजले."

दानी दारात उभा आहे. खाटेची कड दबलेली नाही. गिटार पोटावरून घसरून उशाशी आलीय, माझा डावा हात खाटेखाली लोंबतोय.

"मी विचार केला," तो हळू म्हणतो. "वही राहू दे. फोनवरचं गाणं मीच अर्धा सूर खाली घेतो. होतं ते फोनवर."

"फोन खिशात ठेव."

मी उठतो. टेपरेकॉर्डरवरचं विणलेलं झाकण काढतो, घडी करून उशीखाली ठेवतो. कॅसेट आतच आहे. बटण दाबतो. वर्षभर बंद होता, बेल्ट आधी कुरकुरतो, मग धरतो. टकले ओरडायला लागतो, जाड, सुस्त आवाजात. त्याच्याखाली बेस चालू होतो. मी खर्जाची तार छेडतो. जुळते. दानीची मान एकदम माझ्याकडे वळते.

"हा टेप हळू चालतो!" तो म्हणतो. "पप्पा, बिघडलाय हा. म्हणून आई..."

"बिघडलेला नाही. मी केलाय तसा. आज लोकांसमोर हाच लागणार. कुणाला खाली उतरायचं नसेल त्याने बाहेर चपलांपाशी बसावं."

"तुम्ही केलाय म्हणजे?"

"नंतर सांगतो. दाढी करायचीय."

तो काहीतरी बोलणार असतो, पण त्याची नजर माझ्या हाताकडे जाते. "तिथे काय लागलं तुम्हाला?"

मी डावा हात उजेडात धरतो. तुटक्या बोटाच्या टोकाला, जिथे मी कधीच तार लावली नाही तिथे, एक खोल आडवी खाच आहे. कडेला लाल, मधे तारेचा काळा गंज. आणि तिच्यावर बोटाच्या मागच्या बाजूने, नखाच्या जागी, खडूची पांढरी धूळ.

मी ती पुसत नाही. त्याच हाताने गिटार उचलतो.