देवाचा चौरंग

देवाकडे काही मागायचं म्हटलं की मला आधी भीतीच वाटते, कारण मागितलेलं मिळालं तर ते सांभाळावं लागतं. बरीच वर्षं मी एकच मागत होते, मला माझं माझं राहू दे. अपघातात कंबरेखालचं अंग गेलं ते परत आलं नाही, आणि औरंगपुऱ्यात दादाच्या दुकानावरच्या खोलीत माझी खाट पडली. दादा-वहिनींनी काही कमी केलं नाही, हे आधीच सांगते. पण आंघोळ कधी, जेवण कधी, खिडकी उघडी की बंद, सगळं दुसऱ्याच्या सवडीनं. मग अपंगांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेनं चिकलठाण्यात तळमजल्यावरची खोली दाखवली. दाराशी उतार, बुटका ओटा, न्हाणीघरात धरायला दांडे. सकाळी सुनंदाताई नावाच्या मदतनीस येणार, आंघोळ घालून खुर्चीत बसवून जाणार आणि बाकी दिवस माझा. देवानं ऐकलं, आणि माझी झोप उडाली.

झोप उडाली ती दादाच्या अटीमुळे. सामान उतरवल्यावर तो म्हणाला, "महिनाभर बघू. पण एकदा जरी पडलीस ना, तर मी काय ऐकणार नाय. उचलून घरी नेतो." त्याच्या मनात माया होती, पण त्या दिवसापासून पडायचं नाही, एवढंच मी बघू लागले. कूस बदलतानाही मी जीव मुठीत धरत असे. खुर्चीचा ब्रेक लावला का, ते पुन्हा पुन्हा चाचपत असे. खाटेजवळ बुटक्या चौरंगावर मी भद्रा मारुतीची तसबीर ठेवली होती. खुलताबादचा हा मारुती निजलेला आहे, त्यामुळे मला त्याच्याशी बोलायला अवघड वाटत नाही. शनिवारी सकाळी स्तोत्राचे ठरलेले पाठ करायचे आणि ते होईपर्यंत दुसरं अक्षर बोलायचं नाही, हा माझा नेम. पाठ संपले की त्याला विनवायचं, मला कोणाची गरज पडू देऊ नकोस.

एका शनिवारी दादा यायचा होता आणि सुनंदाताईंचा पत्ता नव्हता. त्यांच्या मुलाला ताप आला होता, हे मला नंतर कळलं. उशीर होत गेला तशी मी पुन्हा पुन्हा दाराकडे बघू लागले. दादानं मला अजून अंथरुणात पाहिलं तर तो काय म्हणेल? शेवटी ठरवलं, आपणच बसायचं. खाट आणि खुर्ची यांच्यामध्ये गुळगुळीत फळी टाकून सरकायला मला संस्थेत शिकवलं होतं. पाठ तोंडातल्या तोंडात चालूच होते. रोज दहादा चाचपणारी मी त्या दिवशी पाठांची मोजणी चुकू नये म्हणून बोटांच्या पेरांवर लक्ष ठेवून होते, आणि ब्रेक एकाच चाकाचा लावला. खुर्ची फिरली, फळी निसटली आणि मी खाली आले.

एक पाय अंगाखाली मुडपला होता. त्याला संवेदना नाही, त्यामुळे तो मोडला की शाबूत आहे तेही कळेना. फोन खाटेच्या पलीकडच्या कडेला राहिलेला. दार मात्र ताईंसाठी नुसतं लोटलेलं होतं, आणि बाहेर एक बाई "सीताफळंऽ" असं ओरडत चालली होती. एक हाक पुरली असती. मी मारली नाही. नेम मोडेल, अशी मनाची समजूत घातली. खरं तर हाक मारली की मी पडले हे जगजाहीर होणार होतं, आणि मग परत औरंगपुरा. बाईचा आवाज दारावरून पुढे गेला. मी तसबिरीकडे पाहिलं आणि इतकी घाबरले की रडूही येईना. कोणाची गरज पडू देऊ नकोस म्हणून ज्याला साकडं घातलं, त्याच्याच तोंडाकडे मदतीसाठी बघत होते. आवाज कोपऱ्याला वळणार, तोच माझ्या तोंडून निघालं, "मावशी, आत या हो! मी पडलेय!" पाठ मध्येच तुटला.

टोपली उंबऱ्याशी ठेवून ती धावत आली. "या अल्ला! लई लागलं का बाजी?" बाजी म्हणजे ताई, एवढं मला ठाऊक होतं. आता ही बखोटीला धरून ओढणार, असं वाटून मी अंग चोरलं, कारण आजवर सगळ्यांनी तेच केलं होतं. पण ती थांबली. "मला यातलं काय कळत नाय. कुठं धरू, तुम्ही सांगा."

मी सांगत गेले, ती करत गेली. पाय सरळ केला, तो धड होता. खुर्चीची दोन्ही चाकं अडकवली. एकदम वर घेणं जमणार नव्हतं, मध्ये काहीतरी बुटकं हवं होतं, आणि दोघींची नजर चौरंगावरच गेली. ती म्हणाली, "इथं तर तुमचा देव हाय बाजी. मी हात लावू का?" मग वाकून बघितलं आणि हसली. "हे तर आमच्या खुलताबादचे हनुमानजी! मी तिथलीच व्हय."

मी तसबिरीकडे एकदा बघितलं. "लावा," म्हटलं. तिनं ओढणीला हात पुसले, तसबीर दोन्ही हातांनी उचलली आणि माझ्या उशीवर निजवली. मग मागून काखेत हात घालून, मी सांगितल्यावरच, तिनं मला चौरंगावर घेतलं आणि तिथून खुर्चीत. देवानं उठून आपली जागा मला बसायला दिली, एवढंच मला उमगलं. रजियाबी तिचं नाव. साक्षात्कार वगैरे म्हणायची सोय तिनं ठेवली नाही, कारण पुढच्याच आठवड्यात ती पुन्हा सीताफळं घेऊन आली आणि चहात साखर कमी पडली म्हणून मला बोलली.

त्या दिवशी ती जाते न जाते तोच दादा आला आणि दारातच थबकला. "देव उशीवर कसा काय?" काहीही थाप मारता आली असती. पण मी झालं ते सगळं सांगितलं. त्यानं खुर्चीचे दोन्ही ब्रेक चाचपून बघितले. मी भिंतीशी ठेवलेल्या माझ्या बॅगेकडे बघत राहिले.

"तू हाक मारलीस?" त्यानं शेवटी विचारलं.

"हो."

"घरी पडलीस तवा वहिनी वर येईपर्यंत तशीच पडून होतीस. मी खाली दुकानातच होतो गं. मला नाय मारलीस कधी हाक." मी त्याचा हात धरला आणि दोघंही रडलो. जाताना त्यानं बॅगेला हात लावला नाही.

मी अजून इथेच राहते. भीती गेली असं म्हणणार नाही, पण माझं माझं राहायचं म्हणजे कोणालाच न बोलावता राहायचं, ही माझी समजूत त्या मारुतिरायानं काढून घेतली. ज्याला शरण जायचं तो कोणाच्या हातांनी उचलेल, हे ठरवणारी मी कोण? शनिवारचे पाठ चालू आहेत. मौन मात्र सोडलं. मध्येच दार वाजलं तर "या" म्हणते, आणि पुढची ओळ धरते.