आईच्या पायाशी वाजणारं यंत्र

सुती पाचवारी साडी, खाली पांढरे बूट, कानांवर वाटीएवढे हेडफोन आणि हातात मेटल डिटेक्टर. न्यू जर्सीच्या पश्चिमेला, गवत कापून झालेल्या शेतात माझी आई अशी उभी असायची. रस्त्यावरून जाणारी गाडी हमखास हळू व्हायची आणि आतली माणसं माना वळवून बघायची. आईला त्याचं काही नाही. डिटेक्टरच्या टोकाला जो गोल चपटा भाग असतो त्याला आम्ही थाळी म्हणायचो. अंगण झाडावं तशी ती थाळी फिरवत ती पुढे पुढे जात राहायची.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी तिथल्याच एडिसन गावी एकटी राहत होते आणि एका प्रयोगशाळेत रसायनं ढवळण्याचा पगार घेत होते. बाबा गेले त्याच्या पुढच्या मार्चमध्ये आईला मी सहा महिन्यांसाठी बोलावून घेतलं. सहा महिने हे सांगायला. मनात होतं की आता तिला परत पाठवायचीच नाही. साताऱ्याच्या घरी थोरल्या काका-काकूंबरोबर ती राहायची, ते घर आता तिला खायला उठेल अशी माझी खात्री होती. शिवाय मी एकुलती एक, आणि त्यात शास्त्र शिकलेली. दोन्हींमुळे आपलंच म्हणणं खरं धरायची सवय.

दर रविवारी काकूंचा ट्रंक कॉल यायचा. "काय गं, केव्हा येतेस?" एवढंच विचारायच्या. आई "बघते" म्हणायची, फोन ठेवायची आणि घासून ठेवलेली भांडी परत घासायला घ्यायची. काकूंचं नाव निघालं की तिचा चेहरा उतरतो हे माझ्या लक्षात आलं होतं.

"तुला जायचं नाहीये ना? मग राहा की इथे. मी ग्रीन कार्डाचं बघते."

"राहायचंय असं कुठे म्हटलं मी?"

"मग जायचंय?"

"तसंही कुठे म्हटलं?"

सप्टेंबरचं तिकीट आम्ही नोव्हेंबरवर ढकललं आणि तो विषय तेवढ्यापुरता मिटला. मिटला म्हणजे रोज जेवताना आमच्या दोघींच्या मध्ये येऊन बसायला लागला.

डिटेक्टर आला तो उन्हाळ्यात, शेजारच्या गल्लीतल्या गराज सेलमधून, कुणीतरी घरातलं जुनं सामान विकायला मांडलं होतं तिथून. मला खरं तर टेबल फॅन हवा होता. आईने ते यंत्र उचललं, कानाला हेडफोन लावला आणि तिथल्या फावड्यावरून थाळी फिरवली. इतकी दचकली, आणि मग इतकी हसली, की मी फॅन विसरले. बाबा गेल्यापासून मी तिला तसं हसताना पाहिलं नव्हतं.

मग आमचे शनिवार ठरून गेले. तासभर ड्राइव्ह करून आम्ही एका म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या रानात जायचो. त्याची एकच अट होती, खणलेला खड्डा बुजवायचा. आई तो असा बुजवायची की जणू खाली रोप लावलंय. पहिल्याच खेपेला तिने त्याच्यासाठी बेसनाचे लाडू नेले. त्याने एक चाखून बघितला, डबा ट्रॅक्टरवर ठेवला आणि नंतर आम्हाला कधीही काही विचारलं नाही.

आईचा कान तयार व्हायला वेळ लागला नाही. बाजारात माठ वाजवून घेणारी बाई ती. खिळा कसा वाजतो, सोड्याच्या कॅनची कडी कशी वाजते, नाणं कसं वाजतं, हे तिला माझ्या आधी कळायला लागलं. मी यंत्राबरोबर आलेलं माहितीपुस्तक वाचून सांगायचे आणि ती म्हणायची, "कडी आहे गं, नको खणूस." खणलं की कडीच निघायची.

एकच घोळ होता. आई चालायला लागली की तिच्या पायाशी यंत्र वाजायचं. नाणं वाजावं तसं, स्वच्छ. पहिल्या दिवशी मी तिच्या पावलांभोवती इतके खड्डे खणले की शेतकरी ट्रॅक्टर थांबवून बघत उभा राहिला. निघालं काय, तर दगड. दुसऱ्या शनिवारी मी तपास सुरू केला. तिच्या पदराची पिन काढायला लावली. अंबाड्यातले आकडे काढायला लावले, तेव्हा वाऱ्याने तिचे केस तोंडावर आले आणि ती वैतागली. चष्मासुद्धा काढायला लावला. तरी वाजतंच. गळ्यात काही नाही, हातात काही नाही. बाबा गेल्यापासून तिच्या अंगावर धातू असा उरलाच नव्हता.

"बुटातच काहीतरी असेल," आई म्हणाली.

मला पटलं. त्याच संध्याकाळी नवे बूट घेतले, कॅनव्हासचे, लेस ओवायच्या भोकांना धातू नसलेले. आईने एक नंबर मोठे मागितले. "बोटं आवळतात," म्हणाली. पुढच्या शनिवारी ते नवे बूटही वाजले. मी यंत्राच्या नावाने खडे फोडले. आईने मात्र तेव्हापासून हात लांब करून, थाळी पायांपासून होईल तितकी दूर धरून चालायची युक्ती काढली. मी म्हणायचे, असं धरू नकोस, खांदा दुखेल. दुखायचाच. रात्री बाम लावून द्यायचे मी, आणि ती निमूट लावून घ्यायची.

घरातही ती चोवीस तास सॉक्स घालायची. आली तेव्हा बर्फ होता, तेव्हा ठीकच होतं. पण जुलैतही साडीखाली सॉक्स? मला वाटलं एसी सोसत नसेल. एसी बंद केला, आम्ही दोघी घामाने निथळलो, सॉक्स काही निघाले नाहीत. माझ्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता. पडला नाही. शिक्षणाचा उपयोग असा वेळेवर होत नाही.

ऑक्टोबरातल्या एका शनिवारी आम्ही शेताच्या कडेला मेपलच्या सावलीत दशम्या खाल्ल्या. पानं लाल झाली होती. आई पाय पसरून बसली होती आणि मी यंत्र घेऊन उगाच आसपास फिरवत होते. थाळी तिच्या पावलांवरून गेली आणि ठणठणीत वाजली.

"आई, पाय उचल."

तिने उचलला. जमीन गप्प. मी थाळी वर, तिच्या पायापाशी नेली. वाजली. दुसरा पाय, तोही वाजला.

"म्हणजे खाली काही नाहीच. तुझ्या पायातच आहे काहीतरी! बूट काढ बघू."

"राहू दे गं."

"अगं, तीन महिने मी खड्डे खणतेय! काढ."

"राहू दे म्हटलं ना."

तिचा आवाज असा काही आला की मी थाळी खाली ठेवली. आईने स्वतःच लेस सोडली, बूट काढला, सॉक्स काढला. नंतर दुसरा. दोन्ही पायांच्या बोटांत जोडवी होती. झिजलेली, चांदीची, लहानपणी मी तिच्या पायाशी खेळत बसायचे तेव्हा फिरवायचे तीच.

आई बोलायला लागली, एकदम मोकळं.

"तेराव्याच्या आधीच काकूंनी काढली. वाईट मनाने नाही हं. त्याही रडत होत्या. डबीत घालून माझ्याच हातात दिली. पण मग मला चालताच येईना नीट. पाय उडायला लागले. न्हाणीघरात तोल गेला एकदा. इतक्या वर्षांची वजनाची सवय, पायांना कुठे कळतंय हे गेले म्हणून."

"मग परत कधी घातलीस?"

"विमानात. संडासात जाऊन. एवढीशी जागा, वाकायचं म्हणजे काय दिव्य होतं! बाहेर लोक दार ठोठावतायत. पण म्हटलं, खाली समुद्र आहे, इथे कोणाचं राज्य नाही. घातली."

"बाबांची आठवण म्हणून?"

"त्यांच्या आठवणीला जोडवी कशाला लागतात? माझी आहेत म्हणून."

मला रडू आलं. रागही आला, पण कोणावर काढायचा ते कळेना. काकूंवर काढावा तर त्याही रडत होत्या. आई माझ्याकडे अशी बघत होती की जणू मी आता डबी पुढे करणार. "काढ म्हणणार असशील तर आत्ताच म्हण," ती म्हणाली.

"काढतेस कशाला? यंत्राचं बटण कमी करते मी थोडं. आणि हात जवळ घे आता, खांदा मोडशील."

तेव्हा ती हसली. नंतरची दुपार तिने अनवाणी काढली. कापलेल्या गवताचे खुंट टोचत होते तरी बूट घातले नाहीत. पायाशी वाजलं की लांबूनच मला ओरडून सांगायची, "खणू नकोस गं, माझीच आहेत!" आणि त्याच दुपारी तिला तिचा सगळ्यात चांगला शोध लागला, शिवणाचं एक जुनं अंगुस्तान. शेतकऱ्याने ते उलटसुलट बघितलं आणि तिच्या बोटात घालून दिलं. बरोबर बसलं.

परत येताना ओक ट्री रोडवरच्या देशी दुकानात कोथिंबीर घ्यायला थांबलो, तेव्हा मी माझा मुद्दा काढला. आता तर प्रश्नच मिटला, म्हटलं. इथे कोण बघतंय तुझ्या पायांकडे? राहा इथेच, आणि घाल खुशाल.

"इथेही सॉक्समध्येच घालत होते की," आई म्हणाली. "आज पायांना ऊन लागलं. बरं वाटलं."

"अगं पण तिकडे काकू..."

"म्हणतील काहीतरी. चार दिवस म्हणतील. भेटायला येणाऱ्या बायकाही म्हणतील. मी इतके महिने त्यालाच भीत होते. तुझ्यापुढे सॉक्स काढले, त्यात निम्मी भीती गेली बघ." मग कोथिंबिरीची जुडी निवडत म्हणाली, "नोव्हेंबरचं तिकीट आता हलवू नकोस."

मी वाद घातला. दोन आठवडे घातला. ग्रीन कार्ड, औषधपाणी, एकटेपणा, जे जे सुचलं ते सगळं. ती ऐकून घ्यायची, आणि तिचं सामान भरणं चालू. त्या सामानात अंगुस्तान होतं. पांढरे बूट तिने धुऊन माझ्या कपाटात ठेवले. "पुढच्या वेळी लागतील," म्हणाली. मग मात्र मी गप्प बसले. तिला जाऊ द्यायचं मला जड जात होतं, पण ती आता टाळत नव्हती, निघाली होती, हे मला दिसत होतं.

विमानतळावर कडाक्याची थंडी. आईच्या पायात साध्या चपला. मी बूट घाल म्हटलं, सॉक्स तरी घाल म्हटलं, ऐकते कसली. सुरक्षा तपासणीच्या कमानीतून ती गेली आणि कमान वाजली. गणवेशातली एक धिप्पाड बाई हातातली पट्टी घेऊन पुढे आली. तिने ती आईच्या खांद्यांवरून, हातांवरून, कमरेवरून फिरवली. सगळं गप्प. पट्टी पायाशी गेली आणि वाजली. बाईने भुवया उंचावल्या. रांगेतली माणसं बघायला लागली. मला वाटलं, आता ही घाबरणार, पाय मागे घेणार.

आईने साडी घोट्यापर्यंत उचलली, एक पाऊल पुढे टाकलं आणि बोटं जराशी हलवून दाखवली. मग मान वळवून, त्या अख्ख्या हॉलला ऐकू जाईल अशा शेतातल्या आवाजात मला सांगितलं, "खणू नकोस गं, माझीच आहेत!"