काचपट्टीच्या कडेचा तुकडा

पाळण्यातले नाव जन्मदाखल्यापुरते उरले. प्रयोगशाळेत आणि घरातही ते रंगारीच. जन्म १९५१, मृत्यू २०१९.

रुग्णालयाच्या तळमजल्यावरील प्रयोगशाळेत त्यांनी सारी नोकरी काढली. मेणात बसवलेल्या गाठींचे कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काढायचे, काचपट्टीवर चढवायचे आणि रंगवायचे, हे त्यांचे काम. साऱ्या जगाच्या गाठी रंगवतोस आणि घरातली एक भिंत तुझ्याच्यानं होत नाही, असे थोरले बंधू, म्हणजे दादा, येता-जाता ऐकवीत.

पुढे त्यांच्याकडे एक नवी तपासणी आली. काही प्रथिने निरोगी पुरुषाच्या शरीरात जवळजवळ केवळ वृषणात, शुक्रपेशी घडतात तेथेच, आढळतात. काही गाठी मात्र तीच प्रथिने बनवू लागतात. अशा गाठींवर एका लसीची चाचणी चालू होती आणि ज्याच्या गाठीत प्रथिन सापडेल त्यालाच ती मिळे. प्रथिन असले की काप तपकिरी होई. रंगाने दगा दिला नाही याची खूण म्हणून प्रत्येक काचपट्टीच्या कडेला वृषणाचा एक काप चढवीत. तो तपकिरी झाला तरच शेजारच्या गाठीचे उत्तर खरे धरायचे. कोरा राहिला तर तपासणी बाद.

तो कडेचा तुकडा दादांचा होता. प्रोस्टेटच्या कर्करोगासाठी त्यांची वृषणे काढली, तेव्हा टाकून द्यायचा भाग रंगाऱ्यांनी मेणात बसवून ठेवला. विचारायला हवे होते. पण असली गोष्ट थोरल्या भावाला कोणत्या तोंडाने विचारावी, म्हणून राहून गेले. तुकडा नामी निघाला. एकदाही कोरा राहिला नाही.

ते दुखणे आटोक्यात असतानाच दादांच्या फुप्फुसात वेगळ्याच जातीची गाठ निघाली. औषधे थकली, उरली ती लस.

प्रयोगशाळेच्या डॉक्टरबाईंनी दादांच्या गाठीचे काम दुसऱ्याकडे देऊ केले. रंगारी नको म्हणाले. काप चढवले, रंगवले, धुतले. मनात काही उमटत नव्हते. सूक्ष्मदर्शकाखाली कडेचा तुकडा भरघोस तपकिरी दिसला. गाठ कोरी. तुकडा फिका पडला असता तर तपासणी बाद ठरून पुन्हा आशा धरता आली असती. दादांच्याच तुकड्याने दादांविरुद्ध साक्ष दिली.

बाईंनी पाहिले आणि चष्मा काढून बाजूला ठेवला.

"रंगात खोट नाही, बाई," रंगारी म्हणाले. "कडेचा बघा."

संध्याकाळी दादांनी पलंगावरूनच विचारले, "काय रे, चढला का रंग?"

"नाही चढला, दादा."

"रंग तरी धड होता ना तुझा?"

"चांगला होता."

"मग उरलेल्यात ती भिंत तरी रंगवून टाक," दादा म्हणाले आणि त्यांनी वहिनींकडे चहा मागितला. तुकड्याचे सांगायला रंगाऱ्यांनी तोंड उघडले, आणि चहाच प्यायले.

दादा हिवाळ्यात गेले. रंगारी निवृत्तीपर्यंत दादांच्या तुकड्याचे काप इतरांच्या गाठींशेजारी चढवीत राहिले.

स्वतःच्या शेवटच्या आजारात त्यांनी वहिनींना सारे सांगितले. वहिनी बराच वेळ चादरीची घडी नीट करीत राहिल्या.

"एवढंच ना, भावोजी? त्यांना सांगितलं असतंत तर चारचौघांत मिरवत फिरले असते."

मेणाचा ठोकळा अजून प्रयोगशाळेच्या कपाटात आहे. भिंत राहिली ती राहिलीच.