मखरातला फुकटचा बल्ब

आमच्या ह्यांनी बोटीवर इलेक्ट्रिशियन म्हणून जन्म काढला. निवृत्त होऊन रत्नागिरीला घरी आले आणि काही काळाने पडवी माझ्या हातून गेली. मिरजोळ्याच्या एका गॅरेजमधून चार जुन्या बॅटऱ्या आल्या, भंगारातून रिले म्हणजे आपोआप पलटणारे स्विच आले, आणि दिवसभर टक्-टक्, टक्-टक् सुरू झालं. कल्पना अशी, की दोन बॅटऱ्यांतला करंट उरलेल्या दोन बॅटऱ्यांत सोडायचा, वाटेत बल्ब पेटवून घ्यायचा, मग रिलेने बाजू बदलून तोच करंट परत आणायचा. म्हणजे वीज वापरायची, पण संपवायची नाही! मी म्हटलं, "अहो, या हंड्यातलं पाणी त्या हंड्यात ओतून वाढलेलं बघितलंय का कुणी? सांडतं तेवढंच." त्यावर "तुला नाही कळायचं" हे ठरलेलं उत्तर. नसेल मला कळत. पण बल्ब संध्याकाळपर्यंत मिणमिणायला लागतो हे दिसत होतं, डोळे शाबूत आहेत माझे.

गणपतीला मुंबईहून मोठे दीर आले. वीज खात्यातून निवृत्त झालेले साहेब. पडवीत वाकून बघितलं आणि हसले. "अरे, असं होत असतं तर आम्ही खात्यात काय गोट्या खेळत होतो?"

झालं! हे भडकले. वाडीतली मंडळी आरतीला जमली होती, त्यांच्यासमोर जाहीर केलं, की मखरातला बल्ब विसर्जनापर्यंत याच बॅटऱ्यांवर जळेल, बाहेरचा करंट न घेता. विझला तर सगळं भंगारात घालीन, पुन्हा स्क्रूड्रायव्हरला हात लावणार नाही. दीर म्हणाले, "उद्या दुपारीच विझतो, बघ."

खरं तर मला आनंद व्हायला हवा होता, पडवी परत मिळणार म्हणून. पण धडकीच भरली. बोटीवरून आल्यावर हा माणूस दिवसचे दिवस खुर्चीत बसून गेटकडे बघायचा. चहा दिला तर घ्यायचा, नाही दिला तर मागायचाही नाही. त्या टक्-टकीने यांना सकाळी उठायला काहीतरी कारण दिलं होतं. शिवाय देवापुढचा दिवा विझायचा, आणि तोही घरच्या पैजेपायी? शोभतं का? म्हणून जेवून हे लवंडले, की बॅटऱ्या पहिल्यांदा भरायला आणलेला पडवीतला चार्जर मी गुपचूप लावायचे आणि चहाच्या आधी काढायचे. पापबिप काही वाटलं नाही.

एकदा सकाळी दूर्वा खुडायला परसात निघाले, तर सोवळ्यातले मोठे दीर पडवीत ओणवे, हातात चार्जरचे चिमटे! मला बघून दचकले. "अगं, विझतो म्हणून बोलून बसलोय. आता खरंच विझला, तर वाडी म्हणेल, माझीच जीभ काळी." वीज खात्याचे साहेब! मी आत येऊन तोंडात पदर कोंबून हसले.

मग बल्ब कसला विझतोय! पहिल्या दिवसापेक्षा लख्ख. माणसं आधी बल्बला हात जोडायची, मग गणपतीला. शेजारच्या काकींनी तर विचारलं, यंत्र नवसाला पावतं का. संध्याकाळी आम्ही सगळे वाडीत घरोघरी आरत्यांना जायचो. हे मात्र यंत्रावर लक्ष ठेवायला म्हणून घरीच थांबायचे.

विसर्जनाच्या दिवशी उत्तरपूजेआधी यांनी सगळ्यांसमोर मीटर लावला. बॅटऱ्या सुरुवातीपेक्षा जास्त भरलेल्या! टाळ्या पडल्या. दिरांनी पाठीवर थाप मारली, "मानलं बुवा तुला." मला वाटलं, आता हे फुलून जाणार. तर यांचा चेहरा एवढासा झाला. तडक स्वयंपाकघरात आले आणि दार लोटून घेतलं.

"एवढ्या कशा भरल्या गं?"

"तुमचंच तर यंत्र."

"यंत्र कसलं डोंबलाचं! तुम्ही आरत्यांना गेलात की मी चार्जर लावत होतो. पण तेवढ्याशा वेळात एवढ्या भरणं शक्यच नाही. खरं सांग, तू लावलास?"

"हो. दुपारचा. आणि सकाळी दादा लावायचे."

हे मटकन पाटावर बसले. बाहेर ढोल वाजायला लागला, मूर्ती उचलायला यांना हाका मारत होते. आता चिडणार, म्हणून समजूत घालायला मी जवळ गेले. तर यांचे डोळे भरलेले.

म्हणाले, "आणि मी मात्र इतके दिवस एकटाच चोरासारखा वावरत होतो गं या घरात."