परवानगी नसलेली भाषा

"ताई, अण्णा खुर्चीतनं खाली पडल्यात... लवकर या की." अण्णा काम करायचा त्या सात रस्त्यावरच्या इलेक्ट्रिकच्या दुकानातून मालकांचा फोन आला तेव्हा मी शाळेत पेपर तपासत होते. पोहोचेपर्यंत सगळं संपलं होतं. सिद्धाराम, माझा थोरला भाऊ, पन्नाशी जेमतेम ओलांडून गेला. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. मला वाटलं, ते रशियातूनच थकून आलं होतं.

अण्णा मालवाहू जहाजावर आचारी होता. सुट्टीवर आला की स्वयंपाकघर ताब्यात घ्यायचा, आमच्या आईला, अव्वाला, ओट्याजवळ फिरकू द्यायचा नाही. एका फेरीत, उत्तरेकडच्या रशियन बंदरात, जहाजाच्या कोठीतल्या पिठाच्या पोत्यांत अमली पदार्थ सापडले. पोती कुणी चढवली ते शेवटपर्यंत कळलं नाही. कोठीची किल्ली अण्णाकडे होती, एवढंच कोर्टाला पुरलं. त्याला सर्वांत कडक पहाऱ्याच्या तुरुंगात धाडलं.

तिथलं तो फार सांगायचा नाही. जे सांगितलं ते तुकड्यातुकड्यांनी. कोठडीतला दिवा कधीच विझत नसे. दिवसा खाटेला पाठ टेकायची नाही. बाहेर काढताना कमरेत वाकवून, हात मागून वर ओढून, मान खाली घालून चालवायचे. त्यामुळे इतकी वर्षं राहूनही त्यानं तो तुरुंग फक्त फरशीपुरता पाहिला. मोकळ्या हवेची म्हणून जी जागा होती तीही खोलीच, वर छताऐवजी जाळी. "जाळीतनं बर्फ पडायचा. तोंड उघडून उभा राहायचो," एकदा म्हणाला होता.

फोन क्वचित मिळायचा. ऐकत बसलेल्या पहारेकऱ्याला समजेल अशाच भाषेत बोलायचं, रशियन नाहीतर इंग्लिश. म्हणून आम्ही बहीणभाऊ इंग्लिशमध्ये बोलायचो आणि अव्वा शेजारी बसून नुसती माझ्या तोंडाकडे बघायची. तिला कन्नड आणि मराठीच यायचं. एकदा तिला राहवलंच नाही. माझ्या हातातला फोन ओढून घेतला नि म्हणाली, "सिद्धा, ऊटा आतेन?" जेवण झालं का, एवढंच. फोन कट झाला. अव्वा कितीतरी वेळ तो कानाला लावून बसली... "जेवला का न्हाई, ते तरी सांगायचं की गं त्यानं." त्यानंतर फोन आलाच नाही. तो सुटायच्या आधी अव्वा गेली.

परतल्यावर अण्णा जुळे सोलापुरात आमच्याकडेच राहिला. स्वयंपाकघरात पाऊल टाकलं नाही. दाराची बेल वाजली की उठून भिंतीकडे तोंड करून उभा राहायचा, हात मागे. मग भानावर येऊन ओशाळं हसायचा.

एकदा त्याला वाढताना मी विचारलंच, "अण्णा, त्या दिवशी अव्वाचं ऐकू आलं होतं का रे?"

घास हातातच राहिला. "आलं की. लाईन तुटली होती, तरी 'आतव्वा' म्हणालो. झालं, अव्वा. त्याबद्दल शिक्षेच्या कोठडीत टाकलं. तिथं मोठ्यानं म्हणत बसलो, परत परत..." हातातला घास ताटात ठेवत म्हणाला, "खोटंच गं. त्या दिवशी जेवलो नव्हतो."

त्याच्या खोलीच्या दाराला कडी नाही. आल्या आल्या त्यानंच आतली आणि बाहेरची, दोन्ही काढून टाकल्या होत्या. आता वाऱ्यानं ते दार आपटत राहतं. मागच्या आठवड्यात ह्यांनी सुताराला बोलावलं. त्यानं स्क्रूच्या जुन्या भोकांवर बोट ठेवून विचारलं, "हितंच बसवू का, ताई?" मी त्याला चहा दिला आणि परत पाठवलं.

दार आपटतंय... आपटू दे.